मायच्या टाचेची हजेरी

माझी माय सकाळी खाटेवरून उतरली की पहिली अकरा पावलं लंगडायची. बारावं पाऊल सरळ पडायचं. अकरा हा आकडा माझा नाही, माझ्या बायकोचा आहे. ती तेव्हा घरात नवी होती, आणि नव्या माणसाला जुन्या घरातलं सगळं दिसतं. मला दिसत होतं ते एवढंच, की खाटेपासून चुलीपर्यंत जाताना माय भिंत धरते, ओठ मिटून घेते, आणि तासाभरानं शेजारीण दारावरून 'निंगाली का वं?' अशी हाक देऊन गेली की तीच माय खुरपं कमरेला खोचून तिच्याही पुढे चालायला लागते.

मी प्राथमिक शाळेचा मास्तर. सकाळी पोट धरून बसणारी आणि दुपारी चिंचेच्या झाडावर सापडणारी पोरं मी रोज पाहत होतो. त्यामुळे मायच्या दुखण्याचं निदान करायला मला वेळ लागला नाही. मी ते उभ्या उभ्या केलं आणि तिच्या तोंडावर सांगितलंही.

"माय, हे नाटक हाय."

माय रागावली नाही. ती म्हणाली, "नाटक तं नाटक. पन ठणकते बापा."

ही गोष्ट दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती तेव्हाची. वाशीमकडच्या मालेगावच्या रस्त्यावर एका फाट्याला उतरून कोसभर चाललं की आमचं गाव लागायचं. आमचा जिल्हा तेव्हा अकोला, वाशीम नुसतं तालुक्याचं गाव होतं, आणि आम्हाला तेही लांब वाटायचं. वडील मी सातवीत असताना गेले. पुढचं सगळं मायनं रेटलं. निंदण, कापूस वेचणी, दुष्काळात सडकेवर खडी फोडणं, आणि सणासुदीला गावातल्या मोठ्या घरांची अंगणं सारवणं. धर्म बदलला तेव्हा मी लहान होतो. तेव्हापासून तिच्या डोक्यात एकच गोष्ट पक्की बसली होती, की पोरगं शिकलं पाहिजे. पोरगं शिकलं, डी.एड. झालं, आणि आमच्या वस्तीत पहिला पगारदार म्हणून मिरवायला लागलं. मिरवायचा मला चांगलाच सोस होता, हे आता कबूल करायला हरकत नाही.

पगार सुरू झाल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर घरात शहाबादी फरशी बसवली. लग्न वैशाखात होतं, फरशी चैत्रात. फाट्यापासून दगड बैलगाडीनं आणले, मालेगावहून गवंडी आणला. आमच्या वस्तीतली ती पहिली फरशी. त्याआधी आमच्याकडे मातीची जमीन होती, दर आठवड्याला माय ती शेणानं सारवायची. गावात ज्या घरांत फरशी होती, त्या घरांच्या अंगणापर्यंतच मायचं जाणं होतं. आतली फरशी तिनं उंबऱ्याबाहेरून पाहिलेली. म्हणून फरशी बसली त्या दिवशी मी मायला हाताला धरून घरभर फिरवलं. लोक बघायला आले. बाया टेकल्या, हात फिरवून पाहिला. माय प्रत्येकीला सांगत होती, "पोरानं बसवली."

दुसरं काम मी केलं ते म्हणजे मायची मजुरी बंद केली. मास्तरची माय लोकांच्या वावरात निंदते हे बरं दिसत नाही, असं मला वाटायचं. लग्न झालं, सून आली, पाऊस पडला, आणि मी जाहीर केलं की मायनं आता आरामात घरी बसायचं.

माय बसली. आठ दिवस बसली. नवव्या दिवशी खाटेवरून उतरताना तिनं 'अय माय' केलं आणि भिंत धरली.

"काय झालं?" मी विचारलं.

"टाच ठणकते. बसून बसून ठणकते. तू मले बसवलं न."

"बसल्यानं कोनाची टाच दुखते काय?"

"माही दुखते. चाललं की जाते, बसलं की येते. म्हंजे बसनं हाच रोग झाला न? तूच सांग, तू शिकलेला हाय."

आता या युक्तिवादाला काय उत्तर द्यायचं? बी.ए. झालेल्या आमच्या मुख्याध्यापकांनाही ते सुचलं नसतं. जन्मभर काम केलेल्या माणसाला आराम सोसत नाही, आणि तो सोसला नाही की दुखणं आरामाच्या नावावर मांडलं जातं. माझ्या मते दुखणं कामाचं होतं. वर्षानुवर्षं अनवाणी राबल्यामुळे पाय झिजले होते, आणि उपाय एकच, घरी बसणं. तिच्या मते दुखणं बसण्याचं होतं, आणि उपाय एकच, वावरात जाणं. नवव्या दिवसापासून ती निंदायला परत जायला लागली.

तिच्यासाठी ही गोष्ट साधी नव्हती. आमच्याकडे निंदायला बाया ओळीनं बसतात. प्रत्येकीच्या वाटेला तासांचा, म्हणजे पिकाच्या ओळींचा, जो पट्टा येतो त्याला पात म्हणतात. धुऱ्याकडची, म्हणजे बांधाला लागून असलेली, पहिली पात जिची, तिच्या हाताच्या वेगानं सगळी ओळ पुढे सरकते. ती पहिली पात पंधरा वर्षं मायची होती. शेजारीण टोळीची मुकादमीण होती खरी, पण पात मायची. चार दिवस रिकामी राहिली तर बाया वाट बघतात. महिनाभर रिकामी राहिली तर दुसरी कोणीतरी तिथे बसते, आणि एकदा बसलेल्या बाईला उठवता येत नाही. माय मला हे कधी म्हणाली नाही. शेजारीण म्हणाली, आणि तीही मला ऐकू जाईल अशा बेतानं.

याच शेजारणीनं मायच्या टाचेचं दुसरं निदान केलं. आमचा मुलूख काळ्या मातीचा आणि काट्यांचा. पावसाळ्यात चिखल चपला ओढून घेतो म्हणून सगळं गाव अनवाणी, आणि पायाला काही झालं की पहिला संशय काट्यावर. शेजारीण काटा काढण्यात वाकबगार होती. तिच्या पदराच्या गाठीत सुई कायम असायची. तिनं मायचा पाय मांडीवर घेतला, अंगठ्यानं टाच दाबली. टाचेच्या खाली, आतल्या अंगाला एका जागी माय ओरडली.

"हाय! अठीच हाय. काटा मोडला अंदर."

"बाभयीचा का वं?"

"बाभयीचा असता तं आतालोक पिकला असता. हा हिवराचा हाय. चुपचाप बसते अन् वरीसभरानं डोकं काढते."

मग सुईनं शोध सुरू झाला. अर्धा तास उकरलं, काटा सापडला नाही. दुसऱ्या दिवशी रुईचा चीक लावला, म्हणजे काटा आपोआप वर येईल. आला नाही. चौथ्या दिवशी बिब्बा गरम करून चटका दिला. टाचेवर दुअन्नीएवढा काळा डाग उठला आणि त्याच्या आगीपुढे दोन दिवस मूळ दुखणं कोणाला आठवलंही नाही. तिसऱ्या दिवशी डाग खाजायला लागला आणि ठणका जिथल्या तिथे. शेजारणीची श्रद्धा मात्र ढळली नाही. ती म्हणाली, "काटा सरकला. हाडापाशी गेला."

मी हसत होतो. एकीकडे माय नाटक करते, दुसरीकडे शेजारीण नसलेला काटा शोधते, असा माझा सगळा विनोद चालला होता. एका सकाळी मी अंगणात दात घासत असताना बायको जवळ आली. लग्नाला तीन महिने झाले होते, ती माझ्याशी अजून दबकून बोलायची. त्या दिवशी दबकली नाही.

"अवो, नाटक करनारा मानूस कोनी पाहत नसलं तरी लंगडते का?"

"म्हंजे?"

"म्या तीन दिस झाले दाराआडून पाहून राह्यली. तुमी भाईर दात घासत असता, आत्याबाईले वाटते मी झोपली हाय. तरी लंगडतात. अकरा पावलं. मोजले म्या."

मी चूळ भरली. काहीतरी बोलायला हवं होतं म्हणून म्हणालो, "मोजल्यानं काय सिद्ध होते?"

"तुमी मास्तर. पोराईची हजेरी घेता न रोज? मंग घ्या आत्याबाईच्या टाचेची. दिसन काय सिद्ध होते ते."

मला ही कल्पना आवडली. खरं सांगायचं तर मला वाटलं, हजेरी घेतली की माझंच म्हणणं खरं निघेल. शाळेतल्या जुन्या हजेरीपत्रकाचं एक कोरं पान आणलं, चौकटी आखल्या. आडव्या रांगेत दिवस, उभ्या रांगेत वेळा. उठल्याबरोबर, चूल पेटल्यावर, दुपारच्या जेवणानंतर, दिवस मावळताना. टाच दुखली तर 'ह', म्हणजे हजर. नाही दुखली तर 'ग', गैरहजर. वर मोठ्या अक्षरात 'टाच' असं लिहिलं. माय वावरात गेली त्या दिवसाखाली रेघ ओढायची असं ठरवलं.

मायला याची फार मजा वाटायला लागली. सकाळी खाटेवरून पाय खाली सोडला की तीच ओरडायची, "मांड रे बापा, हजर हाय!" चूल पेटली, चहाला आधण आलं की हाक यायची, "पयाली! गैरहजर लिव." दुपारी शाळेतून जेवायला आलो की, किंवा ती वावरात असली तर सांजेला, मी विचारायचो आणि ती एखाद्या वांड पोराची तक्रार करावी तशी टाचेची तक्रार करायची. "जेवाले बसली तवा नव्हती. उठली तं दारातच उभी." शेजारीण हजेरीचं पान बघायला आली, तिला वाचता येत नव्हतं, पण काटा कुठपर्यंत सरकला हे यातून कळतं का असं तिनं गंभीरपणे विचारलं.

बारा दिवस मी हजेरी मांडली. आणि पान माझ्यावरच उलटलं. उठल्याबरोबरच्या रांगेत बाराही दिवस 'ह'. चूल पेटल्यावर बाराही दिवस 'ग'. दुपारी, घरी राहिली ते सगळे दिवस 'ह', आणि वावरात गेली ते बहुतेक दिवस 'ग'. माझ्या बाजूनं बोलणारी एकच रांग होती, दिवस मावळतानाची. त्या रांगेत वावरातून आल्यावरही 'ह' होते. त्या 'ह'भोवती मी लाल शाईनं गोल केले. बाकीच्या रांगांकडे शक्यतो पाहिलं नाही.

"दिसलं का?" बायको म्हणाली.

"सांजच्याले पाह्य," मी म्हणालो. "वावरातून आली की हजर."

"अन् घरी राह्यली तं दुपारीबी हजर. ते काहून लाल नाई केलं?"

याच दिवसांत घरात आणखी एक भांडण चालू होतं. ते इतकं किरकोळ होतं की मी ते हजेरीत धरलं नव्हतं. माय खाटेजवळ एक तरट टाकून ठेवायची. धान्याच्या पोत्याचं, जुनं, चार घड्या केलेलं. माझ्या नव्याकोऱ्या फरशीवर ते मळकट तरट! मला बघवत नसे. मी रोज सकाळी उठलो की पहिलं ते उचलून बाहेर कुपाटीच्या काट्यांवर फेकायचो. माय रात्री ते पुन्हा आणायची.

"माय, हे काहून टाकतं?"

"मांजर बसते त्याच्यावर."

"आपल्या घरी मांजर नाई."

"येईन तं बसन न."

दुसऱ्या दिवशी विचारलं तर म्हणे पाय पुसायला. तिसऱ्या दिवशी म्हणे गार लागतं. मला वाटलं, जुनी सवय. मातीत जन्म गेलेल्या बाईला फरशीची रीत कशी कळणार. मायनं तूर निवडणं, भाजी चिरणं, सगळं अंगणात नेलं होतं, तेही मी त्याच सवयीत मोडलं. घरात एवढी फरशी असून ही अंगणात बसते, म्हणून मी बायकोपाशी कुरकुर केली होती. तेव्हा बायको माझ्या हातातल्या तरटाकडे पाहत होती.

शेवटी मायनंच तोड काढली. पोळा होऊन गेला होता, कपाशीची निंदणी शेवटाला आली होती, आणि बाया पुढच्या हंगामाच्या पाती आताच ठरवायला लागल्या होत्या. ती म्हणाली, "चाल, डाक्तरकडे जाऊ. तो म्हनन बस, तं मी बसन, पातीचं नाव काढनार नाई. तो म्हनन चाल, तं तू आडवा येऊ नको."

"कबूल," मी म्हणालो.

"कागदबी घे तो. लाल शाईचा."

रविवार सोडून एक रजा टाकली. फाट्यापर्यंत चालत, तिथून एसटीनं मालेगाव, आणि मालेगावहून वाशीम. गाडीत माय दोन तास बसून होती. वाशीमच्या स्टँडवर उतरताना तिनं शेवटच्या पायरीवरून पाय खाली टेकवला आणि माझा दंड इतका घट्ट धरला की रात्री तिथे निळं पडलं. स्टँडवर शंभर माणसं होती, आणि माय तशी कोणासमोर विव्हळणारी नव्हे. मी पहिल्यांदा मनात म्हणालो, हे नाटक नाही. तिला मात्र मी ते म्हणालो नाही.

डॉक्टर वयस्क होते, बोलायला मोकळे. मी माझं पान टेबलावर पसरलं. त्यांनी चष्मा वर करून पाहिलं, मग खाली करून पाहिलं.

"हे काय आहे, गुरुजी?"

"टाचेची हजेरी आहे साहेब."

ते इतके हसले की कंपाउंडर आत डोकावला. मग हसू आवरून बोट ठेवून एकेक रांग वाचायला लागले. "झोपेतून उठल्यावर पहिली पावलं जड. बरोबर. चार पावलं चाललं की सुटतं. बरोबर. बसून उठलं की परत. दिवस कलला की परत. वा." त्यांनी मायचा पाय हातात घेतला, अंगठा टाचेच्या खाली आतल्या बाजूला नेला, शेजारणीनं दाबलं होतं त्याच जागी. माय ओरडली. ते म्हणाले, "गुरुजी, अर्धं निदान तुम्हीच करून आणलंय. अशा हजेरीचा माणूस आला की मला दारातच कळतं."

फोटो काढून आणायला दुपार झाली. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला. टाचेचं हाड पांढरं, गोल, आणि त्याच्या खालच्या कडेला पुढे आलेलं चिमणीच्या चोचीएवढं टोक.

"हे माहं हाय?" मायनं विचारलं.

"तुमचंच, मावशी."

"अवं माय, येवढं पांढरं!" ती खूश झाली. "अन् हे टोक?"

"हाड वाढलंय. आम्ही त्याला टाचेचं हाड वाढणं असंच म्हणतो. तळपायाची जी जाड शीर टाचेला धरून असते ना, ती ताणून ताणून तिथे हाड असं पुढे येतं. पण हे टोक यंदाचं नाही. पुष्कळ वर्षांचं आहे. अशी टोकं घेऊन कितीतरी माणसं हिंडतात आणि त्यांना पत्ताही नसतो. दुखते ती शीर. रात्रभर आखडते, सकाळी पहिलं पाऊल टाकलं की ओढली जाते. चाललं की सैल होते."

"मंग वावरात जाऊ का नको?" मायनं मूळ मुद्दा सोडला नाही.

"डोक्यावर ओझं नको. बाकी वावराची माती मऊ असते, मातीनं काही बिघडत नाही." डॉक्टर पुन्हा माझ्या पानाकडे वळले. "मला एवढंच कळत नाही, की पुष्कळ वर्षांचं टोक यंदाच का बोलायला लागलं. आणि घरीच का जास्त. गुरुजी, घरात खाली काय आहे?"

आता आठवलं की कान गरम होतात. मी छाती पुढे काढून सांगितलं, "शहाबादी फरशी आहे साहेब. वस्तीत पहिली."

"कधी बसवली?"

"चैत्रात."

"आणि मावशी घरात अनवाणी असतात?"

"घरात कोण चप्पल घालतं साहेब?" मी म्हणालो.

डॉक्टरांनी पेनचं टोपण लावलं, काढलं. मी मायकडे पाहिलं. ती भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहत होती, तिला वाचता येत नसताना. मग ती घाईघाईनं म्हणाली, "फरशी चांगली हाय डाक्तर. लय चांगली हाय. माही टाचच जुनी हाय."

डॉक्टरांनी मान हलवली. मऊ रबराची चप्पल घरातसुद्धा घालायची, गरम पाण्यात पाय ठेवायचा, झोपेतून उठायच्या आधी खाटेवरच पाऊल हातानं वर ओढून शीर सैल करायची, आणि उघड्या दगडावर पहिलं पाऊल टाकायचं नाही, असं सगळं त्यांनी मला लिहून दिलं. हे चार-सहा महिने चालेल, धीर धरा, असंही म्हणाले. शेवटचं वाक्य लिहिताना त्यांनी खाली रेघ मारली. उघड्या दगडावर पहिलं पाऊल नाही.

परतीच्या गाडीत माय खिडकीशी बसली होती. जिंकल्याचा आनंद तिच्या तोंडावर दिसायला हवा होता, पण दिसत नव्हता. मी मालेगाव येईपर्यंत हिशेब लावत होतो. फरशी चैत्रात बसली, टाच आषाढात बोलली. मधल्या दिवसांत घरात कमी आणि वावरात जास्त होती म्हणून निभलं. मग मी तिला घरात बसवलं. आणि मग ते तरट. श्रावण गेला, भादवा लागला, कितीतरी सकाळी मी उठून ते कुपाटीवर फेकलं होतं. ती उठायच्या आत. म्हणजे तिचं पहिलं पाऊल रोज कुठे पडत होतं, ते मला आता कळत होतं. मला रडू आलं. गाडीत माणसं होती म्हणून मी खोकल्यासारखं केलं.

"माय, तुले मालूम होतं?"

"काय मालूम?"

"का फरशीनं दुखते."

"मले काय मालूम? मी का डाक्तर हावो?" ती बाहेर पाहत राहिली. मग म्हणाली, "वावरात मऊ लागे, येवढं मालूम होतं."

"मंग बोलली काहून नाई?"

"तू फडकं घेऊन दिसातून तीनदा पुसत जाय न त्या फरशीले," माय म्हणाली. "कसं बोलू?"

फाट्यावर उतरलो तेव्हा मी पुढे उतरून तिला दोन्ही हात दिले. गावात शिरताच शेजारीण ओट्यावरून धावत आली. फोटो उजेडाकडे धरून मी तिला ते टोक दाखवलं. तिनं ते नीट पाहिलं आणि सगळ्या वस्तीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "म्या म्हनलं न काटा हाय! म्या म्हनलं न हाडापाशी गेला!" त्यानंतर दहा वर्षं ती हा किस्सा आपल्या बाजूनं सांगत होती, आणि तिला खोडून काढायची मला हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवशीही मी मायच्या आधी उठलो. थकव्यात रात्री आत आणायचं राहिलेलं कुपाटीवरचं तरट पावसानं भिजून गेलं होतं. मी घरात आलो, माझ्या अंथरुणावरची वाकळ उचलली आणि चार घड्या करून मायच्या खाटेपाशी घातली. बायको जागीच होती. ती काही न विचारता उठली, कोठीतली रिकामी पोती घेऊन आली. आम्ही दोघांनी ती एकापुढे एक अंथरली, खाटेपासून चुलीकडच्या दारापर्यंत. एक पोतं कमी पडलं. दारापाशी हातभर फरशी उघडी राहिली.

उजाडताना मायला जाग आली. तिनं खाटेवर बसूनच डॉक्टरांनी सांगितल्यासारखं पाऊल हातानं ओढून धरलं, मग खाली पाहिलं. पोत्यांच्या त्या रांगेवरून तिची नजर दारापर्यंत गेली.

"काहून रे मास्तर," ती म्हणाली, "फरशी दिसून नाई राह्यली तुही."

"नाई दिसली तं नाई दिसली."

"लोकं आले तं काय म्हनतीन?"

"म्हनू दे. तू पाय टाक."

तिनं पाय टाकला. दुखलं तर होतंच, एका दिवसात थोडंच जाणार होतं. भिंत धरून, ओठ मिटून ती निघाली. बायको पुटपुटत मोजत होती. सहा, सात, आठ. मी हजेरीचं पान घेऊन उभा होतो आणि त्यात काही मांडत नव्हतो. दहा पावलांवर पोती संपली. माय थांबली. मी म्हणालो, थांब, मी तरट सुकवून आणतो. ती थांबली नाही. तिनं दुखरा पायच मुद्दाम पुढे केला, माझ्या उघड्या फरशीवर टेकवला, आणि त्यावर सगळा भार देऊन उभी राहिली.

"गार हाय बापा," ती म्हणाली. "चांगली बसवली तू."

मग ती चुलीपाशी गेली. बाहेरून शेजारणीची हाक आली, तेव्हा तिला आत बोलावून मीच सांगितलं की माय येते, पहिली पात कोणाला देऊ नको.